तिसरीतला 'माझी आई' निबंध आणि लाल शेरा

खामलेकर (धागाकर्ता)

कन्या तिसरीत आहे, नागपुरातल्या मराठी शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही, कुणी विचारूही नये. बाई चांगल्या आहेत, मुलांच्या लाडक्या आहेत, हे आधीच नोंदवून ठेवतो. नाहीतर पहिले वीस प्रतिसाद शिक्षकांना शिव्या घालण्यात जातात, हा इथला अनुभव आहे.

तर 'माझी आई' हा निबंध घरून लिहून आणायचा होता. बायको शहर बसमध्ये कंडक्टर आहे. कन्येनं कुणालाही न विचारता बसून लिहिला. ऱ्हस्वदीर्घ तेवढं मी सुधारलंय, बाकी जसाच्या तसा:

"माझी आई बसमध्ये तिकीट देते. तिची बस बर्डीवरून पारडीला जाते. ती अंधारात उठते आणि लाइट न लावता तयारी करते कारण लाइट लावला की मी उठते. मी तशीही उठलेली असते पण सांगत नाही. तिच्या बॅगला चिल्लरचा वास येतो. घरी आली की ती आधी पाय बादलीत ठेवते. तिचा आवाज बसलेला असतो म्हणून ती गोष्ट हळू सांगते आणि मला कान जवळ न्यावा लागतो. तिला रविवारी सुट्टी नसते, मंगळवारी असते. मंगळवारी ती मला शाळेत सोडायला येते आणि गेटवर गर्दी असली की चला चला पुढे सरका म्हणते. सगळे पोट्टे हसतात आणि सरकतात. मला ते आवडते."

खाली लाल पेनानं शेरा: 'विषयाला धरून लिहा. आईचे गुण लिहा. पुन्हा लिहून आणणे.' आणि 'पोट्टे' (म्हणजे पोरं) या शब्दाभोवती गोल.

त्याच दिवशी आमच्याच बिल्डिंगमधल्या एका पोराचा निबंध वर्गात वाचून दाखवला गेला. त्यात आई मायेचा सागर आहे, तिच्या पायाशी स्वर्ग आहे आणि ती पहाटे उठून अंगणात सडा-रांगोळी करते. हे कुटुंब तिसऱ्या मजल्यावर राहतं. त्या बाईनं सडा टाकला तर दुसऱ्या मजल्यावरचे काका वर भांडायला येतील.

बायकोला वही दाखवली नाही, फक्त निबंध परत आला एवढं सांगितलं. ती म्हणाली, "देऊन टाक नं बाप्पा दुसरा लिहून, काहून बाईंच्या डोक्याला ताप." माझं मन होत नाहीये. कन्या मात्र शांत आहे. तिला एवढंच कळत नाही की पुन्हा म्हणजे काय लिहायचं, हे तर लिहून झालं.

तर प्रश्न असा: पुन्हा लिहायला लावू, की बाईंना जाऊन भेटू?

आणि विषय निघालाच आहे तर तुम्हीही लिहा. तुमची शाळा आणि तुमची आई, जमेल तेवढ्या ओळी. अट एकच, सागर, देवता, त्याग, चंदन वगैरे गाइडातला माल चालणार नाही.

तर्री_कमी

चिल्लरच्या वासावर थांबलो आणि पुन्हा वरून वाचलं. काहीही पुन्हा लिहायला लावू नका.

(अवांतर: यूपीआयच्या काळात बॅगेत चिल्लर उरली आहे का?)

खामलेकर

आहे की. शाळा-कॉलेजची पोरं मोबाइल दाखवतात, पण म्हातारी माणसं आणि भाजीवाल्या बाया अजून नाणीच मोजतात. सुट्ट्यावरून वाद होतात ते वेगळे. आवाज बसतो तो त्यातच.

कांडीवाला

गोळीबार चौकाजवळचं आमचं घर. हातमाग होता, दोन खोल्यांतली एक त्यानंच खाल्लेली. बाबा विणायचे, आई कांड्या भरायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धोट्यात, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या शटलमध्ये, जी सुताची कांडी बसते ती रहाटावर आधी भरून ठेवावी लागते. बहुतेक घरांत हे काम बायकांकडे आणि पोरांकडे. मीही भरल्या आहेत, शाळेतून आल्यावर.

दहावीचं वर्ष. कुणीतरी आईच्या डोक्यात भरवलं की अभ्यासाला शांतता लागते. बाबांचा माग थांबवणं शक्य नव्हतं, रोजी बंद झाली असती. मग तिनं काय केलं, आपला रहाट उचलला आणि चार घरं सोडून मावशीच्या ओट्यावर नेऊन मांडला. तिचा आवाज तरी कमी होईल म्हणून. दिवसभर तिथं बसायची, जेवायला घरी यायची.

माझी पंचाईत झाली. जन्मापासून त्या दोन आवाजांत वाढलेला पोट्टा मी, एक आवाज गेला तर पुस्तकात लक्षच लागेना. तिला म्हटलं, तू ये परत. तिला पटेना. तिला वाटलं मी तिच्यासाठी म्हणून राहिलो. शेवटी मीच पुस्तकं घेऊन मावशीच्या ओट्यावर गेलो. बीजगणित सगळं तिथं झालं. मावशी मधून मधून विचारायची, "क्ष म्हणजे कोण रे बाबू?"

आई शाळेत एकदाच आली, दाखला न्यायला. हेडमास्तरांनी खुर्ची दिली तर बसली नाही. लुगड्याला सूत चिकटलेलं होतं, खुर्चीला लागेल म्हणे.

मुलीचा निबंध चांगला आहे. बाईंना भेटा, पण भांडू नका.

सॅनहोजेची_नागपूरकर

आधी इथे रुमाल टाकून (म्हणजे जागा धरून) ठेवला होता, आता लिहिते.

विदर्भात शाळा उशिरा सुरू होतात हे पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना अजून खरं वाटत नाही. त्यांची शाळा जूनच्या मध्यात, आमची जून संपता संपता. त्याआधी ऊनच सोडत नाही. आणि मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा, साडेदहा-अकराला सुटायची, तरी घरी येताना रस्ता तापलेला.

तर आईचा कांदा. पांढरा कांदा, लहान, रुमालात बांधून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. ऊन लागू नये म्हणून. आमच्या वर्गात निम्म्या पोरींच्या दप्तरात कांदा असायचा, त्यामुळे कुणी कुणाला हसत नसे. बाहेरून बदली होऊन आलेल्या एका मुलीनं मात्र पहिल्या दिवशी विचारलं, "तुमच्यात डब्यात कच्चा कांदा नेतात का?" कांद्यानं ऊन लागत नाही याला शास्त्र काय म्हणतं ते इथले डॉक्टर सांगतीलच. माझी आई स्वतः बीएस्सी होती, तिला शास्त्र चांगलं माहीत होतं. तरी कांदा चुकला नाही.

आणि तान्हा पोळा! नागपूरकर भोसल्यांच्या दुसऱ्या रघूजीराजांनी १८०६ साली हा लहान मुलांचा पोळा सुरू केला असं शाळेत दरवर्षी सांगायचे. आम्हाला रस असायचा तो बोजाऱ्यात, म्हणजे बैल घेऊन घरोघरी गेलं की मिळणाऱ्या खाऊ-पैशांत. माझा लाकडी बैल अगदी लहान, चाक निघालेलं. शेजारच्यांचा गुडघ्याएवढा. आईनं लग्नातल्या शालूचा काठ कापून बैलाची झूल शिवली. शालूचा! आजी पंधरा दिवस तिच्याशी बोलली नाही. बक्षीस गुडघ्याएवढ्या बैलालाच मिळालं, हे सांगायला हवं.

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. पु.ले.शु. (पुढील लेखनास शुभेच्छा) म्हणणार नाही, पुढचं लेखन तुमच्या मुलीचं असू दे.

गुरुजी_कॅटेगरी

आई आमच्याच शाळेत शिक्षिका होती. पाचवी ते सातवी मी तिच्याच वर्गात. घरून निघताना ती आई, गेटच्या आत बाई. पहिल्याच आठवड्यात भर वर्गात "आई, पाणी प्यायला जाऊ?" असं तोंडातून गेलं. वर्ग खिदळला. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बाई म्हण, मग जा."

वाईट भाग पुढे. कुणी दंगा केला की पहिला मार मला, पक्षपात दिसू नये म्हणून. मग घरी पुन्हा, वर्गात माझी लाज काढलीस म्हणून. एका गुन्ह्याला दोन शिक्षा. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतल्या माराला बंदी आहे, तेव्हा असतं तर अर्धा मार तरी वाचला असता.

गुणांचंही तेच. माझा पेपर ती तपासायचीच नाही, दुसऱ्या बाईंकडे द्यायची, आणि वर सांगायची, "कडक तपासा."

आणि आता अट मोडून चांगलं लिहितो. चाचणीत नापास झालेल्या पोरांना ती शनिवारी घरी बोलवायची, पैसे न घेता. त्यांच्यासाठी पोहे व्हायचे. मी पास झालेला, त्यामुळे मला त्या पंगतीत जागा नसायची. एकदा मी पोह्यांसाठी गणित मुद्दाम चुकवलं. तिनं ते लगेच ओळखलं आणि पोहे दिले.

इंदोऱ्याचा_वाचक

मायी माय शाळेत गेलीच नाही. सही म्हणजे अंगठा. पण माझा अभ्यास तपासल्याशिवाय ती झोपत नव्हती, आणि मी एकदाही तिला फसवू शकलो नाही.

वही हातात घ्यायची आणि बोट फिरवायची. नवीन लिहिलेलं असलं की कागदाला खालच्या बाजूनं उठाव असतो, बॉलपेननं दाबून लिहिलं की लागतो हाताला. जुनं पान दाखवलं तर म्हणायची, "हे तं कालचं होये." मग म्हणायची, वाच. ती भाकरी थापून राहिली, मी वाचून राहिलो. एखादी ओळ गाळली की थांबवायची. मला वाटे हिला वाचता येतं आणि लपवून राहिली. पुढे विचारलं तं म्हणाली, "ओळ सोडली का तुया आवाज पडते."

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचो. लोक लांब लांबून येतात, आम्ही तर इंदोऱ्याहून चालत. बाबासाहेबांनी १९५६ ला तिथं दीक्षा दिली तेव्हा माझी आजी गर्दीत होती, हे माय मला दरवर्षी त्याच झाडाखाली सांगायची. मग पुस्तकांचे स्टॉल. दुसरे लोक कपडे-भांडी घेत असतील, आमच्या घरात त्या दिवशी फक्त पुस्तक घेतलं जायचं, दर साली एक. माय स्टॉलवाल्याला सांगायची, "सातवीतल्या पोराले समजीन असं दे, पण जाडं दे." जाडं पाहिजेच. पैसे पदराच्या गाठीतून. स्टॉलवाला हसत नव्हता. त्या मैदानात अशा बाया हजारोंनी असतात, त्याला सवय होती.

हेही लिहून ठेवतो. ज्यांनी हमाली करून दिवस काढले त्या जाईबाई चौधरींनी १९२२ साली याच नागपुरात मुलींसाठी शाळा काढली. मायला त्यांचं नाव माहीत होतं. शाळेतल्या पुस्तकात मला ते कधी सापडलं नाही, तिच्याकडूनच कळलं.

बाकी, 'पोट्टे' शब्दाला गोल काहून? नागपुरात पोट्टे नाही म्हणायचं तं काय म्हणायचं?

पिवळा_खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नागपूर ग्रामीणमध्ये. त्या बाईंची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहिते.

प्राथमिकला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक आणि संकलित अशा नोंदी ठेवायच्या, त्यावरून श्रेणी. वह्यांचा गठ्ठा मोठा असतो आणि त्या वेळात जनगणना, मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब यातलं काही ना काही डोक्यावर असतंच. अशा वेळी 'माझी आई' म्हटलं की डोळे आपोआप ठरलेली वाक्यं शोधतात. वाक्य दिसलं की बरोबरची खूण. हे बरोबर नाही, पण असं होतं.

दुसरं म्हणजे, पालकांनीही थोडं आरशात पाहावं. घरून लिहून आणलेल्या निबंधांपैकी कितीतरी पालकांच्या भाषेत असतात. अक्षर मुलाचं, वाक्य गाइडचं. त्यामुळे कुणी खरंच स्वतः लिहिलं तर तेच चुकल्यासारखं दिसतं. खामलेकरांच्या मुलीचं नेमकं तेच झालं असावं.

मी हा निबंध घरी देत नाही. वर्गात घेते आणि आधी प्रश्न विचारते. आई दारातून आत आली की पहिलं काय करते? ती रागावली आहे हे बोलण्याआधी कसं कळतं? तिचा कुठला आवाज तुला पाठमोऱ्यानं ओळखू येतो? तिला काय येत नाही? शेवटच्या प्रश्नावर मुलं सगळ्यात जास्त खुलतात. "आईला सायकल येत नाही", "आईला फोनमधलं मराठी टाइप करता येत नाही", "आईला चूप बसता येत नाही".

आमच्याकडे कापसाचा पट्टा आहे. गेल्या हंगामात एका चौथीतल्या मुलीनं लिहिलं: "आई कापूस वेचायला जाते. बोंडाच्या टोकानं तिच्या नखाजवळ चिरा पडतात. ती माझी वेणी घालते तेव्हा माझे केस त्या चिरांत अडकतात. मला दुखते, तिलाही दुखते. आम्ही दोघी ओरडतो." मी त्यावर शेरा काय लिहिणार? तारीख टाकून सही केली.

बाईंना भेटा. वही घेऊन जा आणि फक्त एवढं सांगा की हे तिनं स्वतः लिहिलंय. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

बाईमाणूस

धागा फार गोड होत चाललाय, म्हणून थोडी काडी टाकते.

कंडक्टर बाई दिवसभर उभी राहते, घरी आल्यावर पाय बादलीत ठेवते, हे लेकीनं टिपलं. छान. इथल्या सगळ्या आया अशाच: रहाट उचलणाऱ्या, शालू फाडणाऱ्या, मारून झाल्यावर पोहे देणाऱ्या. वाचून डोळे पाणावतात आणि आपण मोकळे. सागर-देवता हे शब्द काढले म्हणून देव्हारा हलला असं नाही, फक्त मूर्तीला साधी साडी नेसवली.

मला विचाराल तर त्या निबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य 'रविवारी सुट्टी नसते' हे आहे. त्यावर कुणीच काही बोललं नाही.

आणि धागाकर्त्यांना थेट प्रश्न: बादलीत पाणी कोण भरतं?

खामलेकर

पाणी मी भरून ठेवतो. उन्हाळ्यात माठातलं, थंडीत कोमट. निबंधात ते आलं नाही याची मलाही खंत आहे, पण लेखिकेच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करत नाही.

रविवारचं म्हणाल तर ड्युटी आहे, काय करणार. मात्र एक गोष्ट सांगतो. कन्या पहिलीत होती तेव्हा शाळा सकाळी सातची. आई-लेक एकत्र घरातून निघायच्या, चौकापर्यंत हात धरून, तिथून ही बसकडे आणि ती ऑटोकाकांकडे. मग २०२४-२५ पासून चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवायच्या नाहीत असा नियम झाला. मुलांची झोप व्हावी म्हणून, योग्यच आहे. पण आमच्या घरात त्यामुळे दोघींची सकाळ तुटली. आता आई अंधारात जाते आणि शाळेत मी सोडतो. मंगळवारचं एवढं कौतुक त्यामुळेच.

आणि ती उठलेली असते पण सांगत नाही, हे मला निबंधातूनच कळलं.

दोन_वेण्या

इतके दिवस वाचनमात्र होते. आज लिहिते.

मी दुसरीत असताना आई गेली. त्यानंतर हा निबंध मला पाचदा तरी लिहावा लागला असेल. दरवर्षी वर्ग नवा, शिक्षक नवे, विषय तोच. मी गाइडातून उतरवायचे. सागर, चंदन, सगळं. गाइडची ही एक बाजू कुणी लक्षात घेत नाही. ज्याच्याकडे लिहायला काही नाही, किंवा लिहिणं झेपत नाही, त्याला ती वाक्यं लपायला जागा देतात. मला चांगला शेरा मिळायचा.

एका वर्षी नवे गुरुजी आले. फळ्यावर 'माझी आई' लिहिलं, हजेरीपट चाळला, मग डस्टर घेतलं आणि पुसून 'माझ्या घरातील एक माणूस' असं लिहिलं. कारण सांगितलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी बाबांवर लिहिलं. ते शेजारच्या काकूंकडून वेणी घालायला शिकले होते. भांग कधी सरळ यायचा नाही, डावी वेणी घट्ट, उजवी सैल, आणि रिबिनीची गाठ पोत्याला मारतात तशी. मैत्रिणी हसायच्या तेव्हा मी उजवी वेणी स्वतःच सोडून पुन्हा घालायचे, डावीला हात लावायचे नाही.

आईची शाळेतली आठवण एकच. पुस्तकांना खाकी कव्हर घालताना लेबल भाताच्या खळीनं चिकटवायची. दुसरीचं बालभारती अजून माझ्याकडे आहे, लेबल घट्ट आहे. तिसरीपासूनची सगळी लेबलं निघाली. बाबा गोंद वापरायचे.

पिवळा खडू, तुमच्या प्रश्नांच्या यादीत जमलं तर 'आई'च्या जागी 'घरातलं कुणीही' ठेवा.

पिवळा_खडू

@दोन_वेण्या, बदलते. सोमवारपासूनच. गेल्या वर्षी माझ्या वर्गात आजीकडे राहणारे दोघं होते, त्यांनी 'आई' खोडून 'आजी' केलं होतं आणि मी ते शुद्धलेखनाची दुरुस्ती समजून पुढे गेले असते. पटावर नाव पाहिलं म्हणून कळलं.

तर्री_कमी

पटाचा विषय निघालाच आहे तर: आता १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर लिहिताना बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं. माझ्या भाचीचा जन्मदाखला तसाच आला. तिच्या बाबांनी दोनदा वाचला आणि "मी तिसऱ्या नंबरवर गेलो की" म्हणाले.

आमच्या वेळी आईचं नाव कुठे यायचं? प्रगतिपुस्तकावर पालकाची सही म्हणजे बाबांचीच. माझी आई मात्र बाबांची सही हुबेहूब करायची. गणितात कमी पडले की ते प्रगतिपुस्तक तिच्याच सहीनं परत जायचं आणि बाबांना फक्त चांगली सहामाही दिसायची. यात तिचं प्रेम किती आणि घरातली शांतता टिकवणं किती, ते मी अजून ठरवलेलं नाही.

सॅनहोजेची_नागपूरकर

सही करणारी आई हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. माझ्या आईनं तर 'मुलगी आजारी होती' अशा चिठ्ठ्या मला मामाकडे कामठीला लग्नाला नेऊन लिहिल्या आहेत. प्रत्येक चिठ्ठीत ताप. शेवटी वर्गशिक्षिकांनी विचारलं, "लग्नसराईतच ताप येतो का हिला?"

खामलेकर, पुढे काय झालं? भेटलात का?

खामलेकर

भेटलो. पिवळा खडू यांनी सांगितलं तसंच केलं, वही पुढे ठेवली आणि म्हटलं की हे तिनं स्वतः लिहिलंय, आम्ही मदत केली नाही. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "मी त्या दिवशी सदतीस वह्या तपासल्या, ही शेवटून तिसरी होती." शेरा खोडला नाही, त्याखाली 'वाचले. आवडले.' असं लिहून सही केली. 'पोट्टे'वरचा गोल तसाच आहे. त्यावर त्या ठाम आहेत, लेखी भाषेत 'मुले' हवं म्हणाल्या. मी वाद घातला नाही. कांडीवाले, तुमचा सल्ला पाळला.

घरी येऊन पाहतो तर कन्येनं आदल्या रात्रीच दुसरा निबंधही लिहून ठेवला होता. शेजारच्या पोराची वही आणून उतरवलेला, सड्या-रांगोळीसकट. म्हणाली, "हा शाळेचा, तो माझा." तो दप्तरातच राहिला.

मग बायकोला वही दिली. तिनं बसून वाचली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, डोळे पुसेल. ती म्हणाली, "मंगळवार नाही, या महिन्यापासून माझी सुट्टी गुरुवारी झाली. आणि पारडी सोडून आठवडा झाला, आता मी दुसऱ्या रूटवर आहे. खोटं लिहिलं हिनं." मग पेन मागितलं आणि 'मंगळवारी' दोन्ही ठिकाणी खोडून 'गुरुवारी' केलं. आता त्या निबंधावर तिघांचं अक्षर आहे. कन्या चिडली, कारण तिच्या मते लिहिलं तेव्हा मंगळवारच होता. त्यावरून दोघींचं अर्धा तास वाजलं.

पहाटेच्या लाइटचं मात्र दोघींनी विषयच काढला नाही. दुसऱ्या दिवशी बायकोनं निघताना अंधारातच म्हटलं, "जागी आहे का वं?" उत्तर आलं, "नाही."

इंदोऱ्याचा_वाचक

"नाही" वर हसून राहिलो एकटाच. ऑफिसात लोक पाहून राहिले.

वहिनींना सांगा, दुरुस्ती बरोबर आहे. माझी माय पण असंच करायची. शाळेत मी तिच्यावर भाषण केलं होतं, त्यात 'माझी आई चार घरची धुणीभांडी करते' म्हटलं. घरी आल्यावर म्हणाली, "पाच घरं होये. एक काहून कमी केलं?"

पिवळा_खडू

खामलेकर, परवानगी असेल तर मुलीचा निबंध माझ्या वर्गात वाचून दाखवायचा आहे, नाव न सांगता. आमच्या गावातली बरीच मुलं शहर बसमध्ये बसलेलीच नाहीत. त्यांना कंडक्टर बाई ही गोष्टच नवी आहे. मंगळवार ठेवू की गुरुवार?

खामलेकर

घरात विचारलं. आईची परवानगी आहे, गुरुवार म्हणा म्हणाली. लेखिकेची परवानगी आहे, मंगळवार म्हणा म्हणाली, आणि 'पोट्टे' बदलायचं नाही. तुमचं तुम्ही ठरवा, मी यात पडत नाही.

बाईमाणूस

आता 'माझे बाबा' निबंध कधी? बादलीचं कितपत खरं आहे ते त्यात कळेल.

खामलेकर

सहामाहीनंतर असतो म्हणे. भांडी माझ्याकडे असतात, तेवढं आलं तरी पुरे. काल तिनं बारकाईनं विचारलं, "बाबा, तुम्ही कुकर घासताना तोंडानं कुठलं गाणं म्हणता?" म्हणजे टिपणं सुरू झालेली दिसतात.